तिसऱ्या हाकेला ओ

आमचा घरमालक पहिल्या हाकेला ओ देत नसे. दुसऱ्या हाकेलाही नाही. जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून तिसऱ्यांदा त्याचे नाव उच्चारले, की वर खुर्ची सरकल्याचा आवाज येई आणि मग तो 'हो' म्हणे. तो बहिरा नव्हता. आमच्या स्वयंपाकघरात चमचा पडला तरी त्याला वर ऐकू जाई.

ॲन आर्बरमधल्या एका जुन्या लाकडी घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. वर तो एकटा राहत असे. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी माझी पत्नी वारली, आणि मुलाच्या आग्रहाने दोन हजार तीन साली मी अमेरिकेत गेलो. मुलगा मिलिंद तिथल्या विद्यापीठात संशोधन करीत होता. सून प्रज्ञा एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. विमानतळावरून घरी नेतानाच मिलिंदने मला घरमालकाची कल्पना दिली.

"बाबा, ते थोडे विअर्ड आहेत. पण रेंट रिझनेबल आहे, आणि हीटिंग त्यातच. त्यांना बोलवायचं असेल तर तीनदा हाक मारा. मध्येच सोडू नका."

"एकदाच मारली तर?"

"तर खिडकी लावून घेतात."

माणूस विक्षिप्त आहे एवढे मी लक्षात ठेवले. आयुष्यभर कंत्राटदारांशी गाठ पडलेल्या माणसाला विक्षिप्तपणाचे भय वाटत नाही.

त्याचे नाव वूक. टपालपेटीवर तेवढेच एक नाव पांढऱ्या रंगाने लिहिले होते; आडनाव नव्हते. बाल्कनच्या डोंगराळ मुलखातून तो तरुणपणी इकडे आला, मोटारींच्या कारखान्यात त्याची हयात गेली, आणि साठवलेल्या पैशांतून त्याने हे घर घेतले. बायको वारली होती. मूलबाळ नव्हते. उंच, किंचित वाकलेला, भुवया पांढऱ्या आणि दाट. बोलणे कमी, आणि ते मला परवडत असे. शनिवारी दुपारी आम्ही दोघे व्हरांड्यात शेजारी बसत असू आणि ऊन उतरल्यावर उठत असू. मधल्या वेळात क्वचितच एखादे वाक्य होई. मी आत गेलो की प्रज्ञा विचारी, "झाली का बाबा मीटिंग? मिनिट्स पाठवा."

तो मला 'इंजिनिअर' म्हणे. इंग्रजीत तू आणि तुम्ही असा भेद नसतो; पण त्याचे बोलणे मला नेहमी 'तू' असेच ऐकू येई. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

कशाचीही स्तुती करायची नाही, असा त्याचा नेम होता. परसातला टोमॅटो उत्तम आला तर तो 'सडका' म्हणे. शेजारच्या बाईने आपले तान्हे मूल कौतुकाने दाखवायला आणले, तेव्हा त्याने वाकून पाहिले आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, "फार कुरूप आहे." ती बाई पुन्हा आली नाही. मूल जाईपर्यंत तो मात्र समाधानाने मान हलवीत राहिला. आमच्याकडे बायका बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतात. हा त्यातलाच प्रकार असावा असे मी मनाशी म्हटले आणि सोडून दिले. तीट, दृष्ट, लिंबू-मिरची यांच्याविरुद्ध मी वस्त्यावस्त्यांतून भाषणे केलेली होती.

एकदा त्याच्याच देशातला एक विद्यार्थी वरची खोली भाड्याने मागायला आला. स्वच्छ, नम्र तरुण. सगळे ठरत आले. शेवटी नाव विचारले, तर तेही वूकच. घरमालकाने लगेच दार लावले. मी कारण विचारले.

"एका छपराखाली एका नावाचे दोघे नकोत," तो म्हणाला. "बोलावणं एकाला येतं आणि जातो दुसरा."

या सर्व गोष्टींकडे मी कानाडोळा केला असता. पण त्या घरात तेव्हा एका गोष्टीची वाट पाहिली जात होती, आणि तिच्यामुळे प्रत्येक लहान गोष्टीला वजन आले होते. प्रज्ञाची दोन बाळंतपणे वाया गेली होती. पहिले मूल मृत जन्मले. दुसरे आठवडाभरही जगले नाही. मी आल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिला पुन्हा दिवस गेले. ही बातमी आम्ही घराबाहेर जाऊ दिली नव्हती. विहाराच्या रविवारच्या बैठकीतही कुणाला सांगितले नव्हते.

प्रज्ञाच्या एका मैत्रिणीने, तिला अंदाज आला असावा, आपल्या मुलाचा जुना पाळणा खोक्यात घालून व्हरांड्यात आणून ठेवला. संध्याकाळी पाहतो तो घरमालक ते अवजड खोके एकटाच तळघराकडे ओढत नेत होता.

"हे उघड्यावर ठेवू नका," तो म्हणाला. "तिला दिसतं."

"कुणाला?"

त्याने तळघराचे दार उघडले. खोके आत ढकलले आणि वरून एक जुनी ताडपत्री घातली.

त्या तळघरात कपडे धुण्याचे यंत्र होते. पाळणा सुरक्षित आहे का, ते पाहायला मी दुसऱ्या दिवशी उतरलो. घर तापवणाऱ्या भट्टीच्या मागच्या भिंतीवर, खिळ्याला, एक कडे टांगलेले होते. कातड्याचे, वाळून लाकडासारखे झालेले, वरच्या कडेला थोडे राखाडी केस शिल्लक. आतल्या बाजूला दात होते. ते दात आतल्या पोकळीकडे वळलेले होते. मी ते हातात घेतले नाही. मागे तो उभा होता. जिन्यावर पाऊल वाजलेले मला ऐकू आले नव्हते.

"लांडग्याचं तोंड आहे," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"माझ्यासाठी."

मग त्या माणसाने, महिनोन्‌महिने माझ्याशी जेमतेम बोललेल्या माणसाने, सगळे सांगितले. त्याच्या आधी त्याच्या आईची मुले पाळण्यातच जात होती. त्यांच्या मुलखात बाळे खाणारी एक बाई असते असे मानतात. ती दिसत नाही. ती कशालाही हात लावते, फक्त लांडग्याला भिते. हा जन्मला त्या दिवशी याच्या मामाने डोंगरातून लांडगा मारून आणला, त्याच्या जबड्याभोवतीची कातडी कडीसारखी कापली, आणि ओले बाळ त्या कड्यातून आरपार काढले. मग सुईणीने उंबरठ्यावर उभे राहून गावाला ओरडून सांगितले, की लांडगीला लांडगा झाला, सर्वांनी ऐकावे. आणि नाव ठेवले वूक. त्यांच्या भाषेत वूक म्हणजे लांडगा.

"शौर्यासाठी ठेवतात असं इकडच्या लोकांना वाटतं," तो म्हणाला. "शौर्याचा काय संबंध? ज्या घरात पोरं जगत नाहीत, त्या घरातलं नाव आहे हे."

"आणि तीन हाका?"

"ती एकदाच हाक मारते. फार तर दोनदा. तिला धीर नसतो. काम असलेला माणूस तिसऱ्यांदा हाक मारतोच."

मी वर आलो. प्रज्ञाला काही सांगितले नाही.

आदल्या हिवाळ्यात बर्फ पडला की सकाळी घराभोवती पावले उमटलेली दिसत. मोठ्या कुत्र्याची असावीत अशी, एका ओळीत. मी कालव्यांच्या मोजणीत उमेदीची वर्षे घालवली आहेत. जमिनीवरच्या खुणा वाचता येतात. ती पावले कुंपणातून आत येत, घराला पूर्ण वळसा घालीत, आणि घरमालकाच्या बाहेरच्या जिन्यापाशी थांबत. परतीची पावले नसत. गावाबाहेर रानकुत्रे आहेत, असे मिलिंद म्हणाला. आल्या खुणांवरच पाय ठेवून प्राणी परत जाऊ शकतो, हेही मला ठाऊक आहे.

प्रज्ञाला दिवस गेले त्या वर्षी, पानगळीच्या सुरुवातीला, व्हरांड्यात बसलो असताना त्याने अचानक विचारले, "इंजिनिअर, तुझं नाव काय?"

मी सांगितले.

"हे नव्हे. आईने ठेवलेलं."

हे त्याला कुणी सांगितले असणे शक्य नव्हते. नोकरी लागताना मी रीतसर राजपत्रात नाव बदलले होते. जुने नाव मिलिंदला माहीत होते, पण तो ते कधी उच्चारीत नसे.

"कचरू," मी म्हणालो.

त्याने अर्थ विचारला, तोही मी सांगितला. आणि समजावले की आमच्या वस्तीतल्या मुलांना गाव असलीच नावे देई. केरू, धोंड्या, उकंड्या. चांगले नाव ठेवलेले वरच्या आळीला खपत नसे. कॉलेजात असताना मी धम्म स्वीकारला, ते नाव टाकले, मुलाचे नाव मिलिंद ठेवले, आणि आमच्या घरात पुन्हा कुणी कचरा होणार नाही असे ठरवले. मी एवढे बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "तुझ्याआधी किती?"

"दोन."

"जगली?"

"नाही."

"तुला उकिरड्यावर ठेवलं होतं का?"

ठेवले होते. जन्मल्याबरोबर मला झोपडीमागच्या उकिरड्यावर ठेवले, शेजारणीने उचलले, आणि आईने तिला ओंजळभर कोंडा देऊन मला विकत घेतले, असे मावशी सांगत असे. भाषणांत मी हे अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत असे. नाव मात्र मी गावाच्या खात्यावर टाकले होते. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"मग ते गावाने नाही ठेवलं," तो म्हणाला. "हुशार बाई. आमच्याकडे तिला भिववतात. तुमच्याकडे तिला फसवतात."

आणि तो हसला. त्याला हसताना मी त्या एकाच वेळी पाहिले.

आई मला शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारी. ती हट्टी होती, असे मी समजत आलो होतो.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "येणाऱ्या पोराचं नाव ठरलं आहे?"

"मुलगा झाला तर सम्यक."

"अर्थ?"

"यथार्थ. योग्य."

"सुंदर आहे," तो म्हणाला.

 दीड वर्षात त्याने कशाला सुंदर म्हटलेले मी ऐकले नव्हते.

"म्हणून ठेवू नका," तो पुढे म्हणाला. "माझं घ्या. वापरलेलं आहे. चालतं."

"आमच्या घरात असल्या गोष्टी होत नाहीत."

"ठाऊक आहे. तू मागणार नाहीस. म्हणून मी देतो आहे."

मी उठून आत गेलो. विद्यार्थ्याला दारातून परत पाठवतानाचे त्याचे वाक्य मला त्या वेळी आठवले नाही. ते नंतर आठवले.

मूल दोन महिने आधी जन्मले. मुलगा. रुग्णालयात त्याला काचेच्या पेटीत ठेवले होते. प्रज्ञा दुसऱ्या मजल्यावर, मिलिंद तिच्यापाशी, आणि पेटीपुढे मी. पेटीवरच्या चिठ्ठीवर 'बेबी बॉय' आणि आमचे आडनाव एवढेच होते. तिथली परिचारिका, वयस्क, बोलकी बाई, हातात जाड पेन घेऊन आली.

"आजोबा, आम्ही यांच्याशी दिवसभर बोलत असतो. याला काय म्हणू?"

मुलाची छाती पाखरासारखी हलत होती आणि मध्येच थांबत होती. थांबली की यंत्र शिटी वाजवी, बाई आत हात घालून पायाला टिचकी मारी, आणि छाती पुन्हा हलू लागे. तिने टिचकी मारली आणि माझ्याकडे पाहिले.

"वूक," मी म्हणालो.

तिने अक्षरे विचारली, मी सांगितली. अर्थ विचारला, तोही सांगितला. "बरं झालं," ती म्हणाली आणि मोठ्या अक्षरांत लिहिले.

संध्याकाळी मिलिंदने ती चिठ्ठी वाचली. "बाबा, तुम्ही? म्हणजे... दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो. तुम्ही?"

 चाकाच्या खुर्चीत बसलेली प्रज्ञा म्हणाली, "राहू दे."

"अगं, बर्थ सर्टिफिकेटवर जाईल ते. आयुष्यभराचं आहे."

"आयुष्यभराचंच हवंय मला. राहू दे म्हटलं ना." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वरचे आजोबा मला मागेच सांगून गेले होते, बाबा. तुम्ही कधी ऐकणार नाही असं वाटलं, म्हणून बोलले नाही."

तिने पेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घातला. "लांडग्या," ती म्हणाली, "श्वास घे."

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो आणि जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून घरमालकाला हाक मारली. तीनदा. उत्तर आले नाही. मी वर गेलो. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, अंगात कोट, पायांत बूट.

"ऐकू आलं नाही का?"

"कुणाला हाक मारत होतास?"

"तुम्हाला."

"ते नाव खाली गेलं," तो म्हणाला.

मी त्याला अजून काहीच सांगितले नव्हते. परतताना पाहिले, टपालपेटीवरचा पांढरा रंग खरवडून काढलेला होता. खालच्या पत्र्यावरचे ओरखडे ताजे होते.

त्यानंतर त्याला कोणत्या नावाने हाक मारावी हा प्रश्न होता. मिलिंद 'सर' म्हणे. तो कशालाच ओ देत नसे. जाऊन समोर उभे राहावे लागे. मूल घरी आले तेव्हा तो खाली उतरला नाही. प्रज्ञाने बाळाला वर आणू का, असे विचारले. तो म्हणाला, "मी पाहिलं तर तिला माग लागेल." मात्र रोज सकाळी आमच्या दाराशी फोडलेल्या लाकडांची मोळी ठेवलेली असे. आमच्याकडे शेगडी नव्हती. मी ती लाकडे भिंतीशी रचून ठेवीत असे.

जानेवारीत मोठा बर्फ पडला. सकाळी मी फावडे घेऊन बाहेर आलो. पावले आली होती. घराला वळसा घालून बाळाच्या खिडकीखाली आली होती आणि तिथे बराच वेळ घोटाळलेली दिसत होती. बर्फ तुडवला गेला होता. तिथून ती जिन्याकडे गेली होती. या वेळी ती जिन्यावर चढली होती.

मी वर गेलो. त्याची खिडकी सताड उघडी होती. खुर्चीवर, त्याच्या मांडीवर, हातांवर बर्फ साचला होता. चेहरा खिडकीकडे, कुणी बोलावल्यावर माणूस वळतो तसा वळलेला.

हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी लिहिले. मलाही ते मान्य आहे. ते वय होते आणि ती थंडी होती.

सगळे पांगल्यावर प्रज्ञा स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसली. बाळ तिच्या खांद्यावर झोपले होते.

"बाबा, पहाटे तुम्ही याला हाक मारलीत का?"

"नाही."

"मिलिंद तर लॅबमधेच होता." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले. "मी ऐकलं. कुणीतरी 'वूक' म्हणालं. एकदाच. बाईचा आवाज नव्हता, पुरुषाचाही नव्हता. तरी मला वाटलं तुम्हीच. हा जागा झाला, तोंड उघडलं याने, आणि मी काही म्हणायच्या आत वरून आवाज आला. 'हो.'"

"पहिल्याच हाकेला?"

"पहिल्याच हाकेला."

मी चहा ठेवला. आम्ही दोघांनी तो घेतला. यावर पुन्हा आमचे बोलणे झाले नाही.

त्याच्या एका पुतण्याने घर विकले. आम्ही सामान बांधले तेव्हा मी तळघरात उतरलो. भट्टीमागचा खिळा रिकामा होता. प्रज्ञाला मी काही विचारले नाही.

आता आम्ही टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला असतो. इथे बर्फ जवळजवळ पडत नाही. आपली माणसे पुष्कळ आहेत, आणि नाव आणि त्याचा अर्थ ऐकला की विचारतात. "काका, लांडगे हे आडनाव ऐकलंय, पण नाव?" विहारातल्या एका तरुणाने मला बाजूला घेऊन सांगितले, "काका, अंधश्रद्धेवर तुमचं भाषण ऐकून आमच्या आईने देव्हारा काढला होता." मी म्हणालो, "चांगलं केलं." ते मी मनापासून म्हणालो. आजही ते भाषण देईन. उकिरड्याचे उदाहरण तेवढे देणार नाही.

मुलगा चार वर्षांचा झाला आहे. दांडगा आहे, आणि मराठीत विचारले तरी इंग्रजीत उत्तर देतो. पहिल्या हाकेला तो ओ देत नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. खेळणे हातात धरून स्तब्ध बसतो आणि वाट पाहतो. हे त्याला कुणी शिकवलेले नाही. मिलिंदने कान तपासून आणले. कान उत्तम आहेत. तरी मिलिंद चिडतो. परवा म्हणाला, "बाबा, याची ही सवय मोडायला हवी. स्कूलमधे प्रॉब्लेम होईल."

"मोडू नकोस," मी म्हणालो.

"का पण?"

अंगणात मूल पाठमोरे बसले होते. मी दारातून एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. त्याची मान हलली नाही. मिलिंद माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग मी तिसऱ्यांदा हाक मारली.

"येस, आजोबा," मूल म्हणाले, आणि वळले.

"ज्याला काम असतं," मी मिलिंदला सांगितले, "तो तिसऱ्यांदा मारतोच."